जिभेखालचे दोन थेंब: सांगलीहून निघालेल्या एका क्रूझ सहलीचं प्रकरण

"बोटीवरच्या खोलीत फ्रिज असतो का हो?"

निघायला साडेसहा आठवडे होते. विश्रामबागेतल्या माझ्या टूर-ऑफिसात काका-काकू व्हिसाच्या कागदांवर सह्या करायला आले होते, आणि उठता उठता काकांनी हा प्रश्न टाकला. मला वाटलं इन्सुलिनसाठी असेल. म्हटलं, असतो, लहान असतो, पण तुमचं काम भागेल.

"इन्सुलिन नाही घेत मी. ते तेल आहे ना माझं. थंड जागी ठेवा म्हणून लिहिलंय बाटलीवर."

"तळपायाला चोळता ते?"

"चोळत नाही. जिभेखाली. रात्री दोन थेंब."

मी खुर्चीत परत बसलो आणि त्यांनाही बसवलं. काकांनी मोबाइलवर फोटो दाखवला. ड्रॉपरची तपकिरी काचेची बाटली, 30 मिली, तिळाच्या तेलात केलेला अर्क, आणि ठसठशीत अक्षरांत घटक: विजया पत्र. विजया म्हणजे भांग. एकाच झाडाच्या पानाला भांग म्हणायचं, फुलोऱ्याला गांजा आणि चिकाला चरस.

हे प्रकरण दोघांच्या परवानगीने लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदललेत. औषधं, कायदे आणि चुका तशाच ठेवल्यात, त्यातली पहिली चूक माझी.

काका 68 वर्षांचे. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून उभी नोकरी झाली. दोन वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, मिरजेत ऑपरेशन झालं, मग केमो. त्या केमोत ऑक्झॅलिप्लॅटिन नावाचं औषध असतं. ते कॅन्सर मारतं आणि जाता जाता हातापायांच्या नसा दुखावून जातं. रिपोर्ट स्वच्छ आले, पण तळपायाची आग राहिली. गार फरशीवर पाय पडला की काचा टोचल्यासारखं व्हायचं. रात्र रात्र घरात येरझाऱ्या, आणि काकू उशाशी जाग्या. पुण्याच्या एका नातेवाइकाने या तेलाचं सांगितलं. मोबाइलवर व्हिडिओ कॉलने एका वैद्यांशी पाच-सात मिनिटं बोलणं झालं, चिठ्ठी आली, कुरिअरने बाटली आली. मी डॉक्टर नाही, गुण कशाने आला ते मला सांगता येणार नाही. काका झोपायला लागले एवढं काकूंनी सांगितलं, आणि काकू उगाच काही बोलत नाहीत.

मुलगी आणि जावई सिंगापूरला, दोघंही तिथले कायमचे रहिवासी, पासपोर्ट मात्र भारतीय. आजारपण सरलं म्हणून त्यांनी चार रात्रींची क्रूझ घेतली: सिंगापूर, पेनांग, फुकेत, परत सिंगापूर. विमान, व्हिसा, विमा ही कामं माझ्याकडे.

आता माझी चूक. आमच्या फॉर्मवर 'नियमित औषधे' असा रकाना आहे. काकांनी त्यात प्रामाणिकपणे लिहिलं होतं: 'बी.पी.ची गोळी, आयुर्वेदिक तेल'. मी ते वाचलं होतं, वाचून पान उलटलं होतं. त्याच बैठकीत काकूंना मात्र मी दहा मिनिटं खसखशीवर व्याख्यान दिलं होतं, कारण लेकीसाठी त्या कांदा-लसूण मसाला नेणार होत्या आणि मसाल्यात खसखस असते. खसखस सिंगापूरला परवान्याशिवाय नेता येत नाही, अफूच्या बोंडातली म्हणून. मसाला बिनखसखशीचा करा, भडंग खुशाल न्या, असं सगळं बजावलं. खसखस मला दिसली आणि भांगेचा अर्क दिसला नाही. 'आयुर्वेदिक' हा शब्द आपल्याकडे असा आहे की तो वाचला की डोळा पुढे सरकतो.

काकांचा युक्तिवाद

काका चिडले नाहीत, त्यांनी मुद्दे मांडले. केमिस्ट माणूस.

पहिला मुद्दा, हे कायदेशीर आहे. बाटलीवर परवाना क्रमांक आहे, चिठ्ठी आहे, बिल आहे. त्यांचं म्हणणं भारतापुरतं बरंचसं बरोबर होतं. 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा, गांजाची व्याख्या करताना झाडाचा फुलोरा धरतो, आणि नुसती पानं व बिया, सोबत शेंडे नसतील तर, सोडून देतो. या फटीतून भांग या कायद्याच्या बाहेर राहिली. शिवाय औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या ई-1 या अनुसूचीत आयुर्वेदातली विषारी द्रव्यं दिली आहेत, त्यात भांग आहे. अशी औषधं वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावीत, असा इशारा बाटलीवर छापावा लागतो. म्हणजे काकांची बाटली ही चोरीछुपे आणलेली वस्तू नव्हती.

दुसरा मुद्दा, हा गांजा नव्हेच, पानाचा अर्क आहे. इथे मी त्यांनाच विचारलं, "काका, तुमच्या लॅबमध्ये साखरेचा नमुना आला, तर ती कुठल्या गावच्या उसाची हे सांगता यायचं?"

"छे. साखर ती साखर. पोल, म्हणजे साखरेचं प्रमाण, बघायचा आणि मोकळं व्हायचं."

"मग हे तेल तिकडच्या लॅबमध्ये गेलं तर?"

थोडा वेळ ते गप्प राहिले. अर्क निघाला की पान कुठलं आणि फूल कुठलं याचा माग उरत नाही, फक्त टीएचसी, म्हणजे या झाडातलं नशा आणणारं द्रव्य, सापडतं का एवढंच यंत्र सांगतं. पान आणि फूल हा भेद आपल्या कायद्याने आपल्या देशाच्या सवयीकडे बघून केला आहे. शिवरात्र, होळी, थंडाईचा देश. सिंगापूरच्या चांगी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला थंडाईशी देणंघेणं नाही. आणि इथेही गोष्ट अगदीच साफ नाही, कारण टीएचसी हे द्रव्य स्वतः एनडीपीएस कायद्याच्या मनोविकारी पदार्थांच्या यादीत आहे. कुरिअरने घरी येणं वेगळं आणि तीच बाटली घेऊन देशाबाहेर पडणं वेगळं. निर्यातीचं कलम निराळं असतं.

तिसरा मुद्दा त्यांचा नव्हता, वैद्यांच्या ऑफिसातला होता. काकांनी माझ्यासमोर तिथे फोन लावला. उत्तर आलं, "चिठ्ठी सोबत ठेवा, सगळे नेतात, काही होत नाही." त्या मुलीचा आवाज गोड होता. मी काकांना एवढंच म्हटलं, की जे घडेल त्याचा जाब तिला कोणी विचारणार नाही.

चार देश, दहा वेळा उंबरठा

क्रूझचा घोळ असा की माणसाला ती एक सहल वाटते. एक तिकीट, एक खोली, तेच जेवणघर. काकांच्या मनातही बोट म्हणजे तरंगतं हॉटेल. मी कागदावर मांडून दाखवलं. भारतातून बाहेर, सिंगापुरात आत, सिंगापुरातून बाहेर, मलेशियात आत, बाहेर, थायलंडमध्ये आत, बाहेर, पुन्हा सिंगापुरात आत, बाहेर, मुंबईत आत. पाच वेळा बाहेर, पाच वेळा आत. प्रत्येक ठिकाणी कस्टम, प्रत्येक ठिकाणचा कायदा वेगळा, आणि प्रत्येक उंबरठ्यावर तीच बाटली 'आयात' किंवा 'निर्यात' होते. बरोबर बाळगणं यापेक्षा आयात करणं हा गुन्हा कितीतरी मोठा.

सिंगापूरवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण तिथे दोनदा शिरायचं होतं. तिथल्या कायद्यात 500 ग्रॅमच्या वर गांजा असला तर फाशी आहे, आणि ती नुसती कागदावर नाही. एप्रिल 2023 मध्ये एक किलोच्या आसपास गांजाच्या प्रकरणात एकाला फाशी दिली गेली. काकांची बाटली 30 मिलीची, म्हणजे फाशीची भीती नव्हती. पण अंमली पदार्थाच्या आयातीला वजन कितीही असो किमान 5 वर्षं कैद आणि 5 फटके आहेत. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांना आणि बायकांना फटके मारत नाहीत. पाच वर्षं मात्र कुणाला चुकत नाहीत. सरकारी वकिलाने दया दाखवून आरोप नुसत्या 'बाळगण्या'वर आणला, तरी 10 वर्षांपर्यंत कैद किंवा 20,000 सिंगापूर डॉलर दंड, किंवा दोन्ही. टीएचसी नको, नुसतं सीबीडीचं, म्हणजे याच झाडातल्या नशा न आणणाऱ्या द्रव्याचं, तेल नेऊ का, असं पुढे एकाने मला विचारलं. तेही तिथे गुन्ह्यातच मोडतं.

काकूंना वाटत होतं, अधिकाऱ्याला समजावून सांगू, कॅन्सरचे रिपोर्ट दाखवू. तिथे गोष्ट उलटी चालते. ज्याच्या ताब्यात बॅग, त्याला आत काय आहे ते माहीत होतं असं कायदा गृहीत धरतो, आणि माहीत नव्हतं हे सिद्ध करायचं काम प्रवाशाचं. आपल्या एनडीपीएसमध्येही कलम 35 अशाच धाटणीचं आहे. बाटली काकूंच्या बॅगेत निघाली असती तर आधी काकूंनाच बसवून ठेवलं असतं.

आणखी एक गोष्ट काकांना माहीत नव्हती, खरं तर मलाही ती तेव्हा वकील मित्राकडूनच कळली. बाटली घरी ठेवून गेलं तरी भागत नाही. सिंगापुरात विमानतळावर लघवीची तपासणी होऊ शकते, आणि लघवीत अंमली पदार्थ निघाला की सेवन केलं असं गृहीत धरतात. टीएचसी चरबीत मुरतं. रोज घेणाऱ्याच्या लघवीत ते काही आठवडे राहू शकतं. सांगलीत घेतलेले थेंब सिंगापुरात घेतले नव्हते, हे 68 वर्षांच्या माणसाने परक्या देशात, इंग्रजीत, झोप नसताना पटवून द्यायचं. लेक-जावयाला तर तेवढीही पळवाट नाही. तिथल्या नागरिकाने आणि कायम रहिवाशाने जगात कुठेही सेवन केलं तरी तो सिंगापूरच्या कायद्याने गुन्हा आहे.

पेनांगचं थोडक्यात. मलेशियात 200 ग्रॅमपासून पुढे तस्करीच समजतात. 2023 मध्ये फाशीची सक्ती तिथे रद्द झाली, फाशी न्यायाधीशाच्या मर्जीवर आली. छोट्या बाटलीला तुरुंग आहेच.

फुकेत हा या मार्गावरचा खरा सापळा, कारण तिथे माणूस सैल होतो. 9 जून 2022 ला थायलंडने गांजा अंमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि गल्लोगल्ली हिरव्या पानाच्या पाट्यांची दुकानं उघडली. जावयाने फोनवर सुचवलं होतं, "बाबांनी इकडून आणूच नये, फुकेतला उतरलो की दुकानातून घेऊ." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण अर्कात 0.2 टक्क्यांहून जास्त टीएचसी असेल तर तो थायलंडमध्येही अंमली पदार्थच राहिला होता, आणि जून 2025 पासून फुलालाही डॉक्टरची चिठ्ठी लागते. ते सगळं जमवून घेतलंच, तरी संध्याकाळी बोटीवर परत चढायचं आहे, आणि बोट सिंगापूरला जाणार आहे. जावई स्वतः कायम रहिवासी. वर भारतीय पासपोर्ट, आणि एनडीपीएस कायदा भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, तसं पहिल्याच कलमात लिहिलंय. एका बाटलीवर दोन देशांचे कायदे.

बोटीचा कायदा

"पण समुद्रात कुणाचा कायदा?" काकांचा हा प्रश्न मला आवडला. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत त्या देशाचं पाणी. त्यापलीकडे बोटीवर ज्या देशाचा झेंडा, त्याचा कायदा. क्रूझच्या बोटी बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांत नोंदवलेल्या. बोट भारतात नोंदवलेली असेल तर ती जगात कुठेही असो, तिच्यावरच्या प्रत्येकाला एनडीपीएस लागू. म्हणजे कायद्याविना मोकळा समुद्र असा कुठे शिल्लक नाही. बंदरात बोट लागली की तर बंदराच्या मालकाचा पूर्ण अंमल.

आणि या सगळ्याच्या आधी कंपनीचा स्वतःचा नियम. कार्निव्हलसारख्या मोठ्या कंपन्या वैद्यकीय गांजाही बोटीवर येऊ देत नाहीत, चिठ्ठी असो वा नसो. तिकीट काढताना आपण 'मान्य आहे' म्हणून टिचकी मारतो, त्या लांबलचक मजकुरात ते असतं. बंदरावर विमानतळासारखंच एक्सरे मशीन, काही बंदरांवर वास घेणारी कुत्री. सापडलं तर चढू देत नाहीत, पैसे परत नाहीत. आत सापडलं तर खोलीची झडती, आणि पुढच्या बंदरावर पोलिसांच्या हवाली. त्या पुढच्या बंदराचं नाव सिंगापूर असेल तर काय, ते वर आलंच. बेकायदा कृत्यातून आलेला खर्च विमा कंपन्या देत नाहीत. भारतीय वकिलात भेटायला येते, वकिलांची यादी देते, घरी कळवते. सोडवून आणणं तिच्या हातात नसतं.

घरचीही एक आठवण काकांना करून दिली. 2 ऑक्टोबर 2021 ला मुंबईच्या क्रूझ टर्मिनलवर एनसीबीची, म्हणजे केंद्राच्या अंमली पदार्थविरोधी खात्याची, धाड पडली, बोट गोव्याकडे निघायच्या आधी. तेव्हा महिनाभर टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. कुणाच्या अंगाला काय लागलं, कोण सुटलं, तो वेगळा विषय. पण तेव्हापासून क्रूझ म्हटलं की तपासणारा माणूस मनात एक शंका घेऊनच उभा असतो.

परतीचं मुंबई विमानतळही सोपं नाही. बँकॉक-फुकेतहून येणारा गांजा इथे इतक्या वेळा पकडला गेलाय की कस्टमवाले त्या मार्गाच्या सामानाकडे डोळ्यात तेल घालून बघतात. इथे एक गंमत झाली. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने हिरासिंग खटल्यात ठरवलं, की अंमली पदार्थ कशात मिसळला असेल तर वजन सगळ्या मिश्रणाचं धरायचं, नुसत्या पदार्थाचं नाही. शिक्षा लहान प्रमाणाची की मोठ्या, ते त्या एकूण वजनावर ठरतं. मी उदाहरण म्हणून गांजाच्या गोड चिकट गोळ्यांचं दिलं. काका उसळले.

"म्हणजे साखरेचंही वजन धरणार?"

"धरणार."

"आयुष्यभर साखर मोजली, तेव्हा कुणी एवढा भाव दिला नाही."

खोबरेलाची बाटली

एवढं सगळं ऐकून काकू शांतपणे म्हणाल्या, "त्यात काय एवढं. मी ते खोबरेलाच्या बाटलीत ओतते. वासही लागत नाही."

हे वाक्य मी प्रत्येक टूरवाल्याला ऐकवतो, कारण सगळ्यात धोक्याचं या प्रकरणात हेच होतं. लेबलवाली बाटली, चिठ्ठी, बिल हे सगळं घेऊन कोणी अडकला तर निदान अज्ञानाने झालं असं म्हणता येतं. तेच खोबरेलाच्या बाटलीत सापडलं की तो लपवलेला माल. काकूंच्या हातून चांगल्या भावनेने झालेलं ते काम तपासणाऱ्याच्या लेखी तस्कराची युक्ती ठरलं असतं. आणि आपल्या बायका बॅग भरतात त्या अशाच भरतात: लोणच्याच्या बरणीत मेतकूट, औषधाच्या डबीत सुपारी, गोळ्यांची पाकिटं फाडून एका कागदी पुडीत. माझ्या आईनेही हेच केलं असतं. काकूंना ते समजावताना मला अवघड गेलं. त्या रडल्या नाहीत, पण म्हणाल्या, "यांना परत रात्र रात्र फिरताना बघायचं का मग मी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिरजेतल्या डॉक्टरांकडे होतं, निदान अर्धं तरी.

काकांनी कॅन्सरच्या डॉक्टरांना या तेलाविषयी सांगितलंच नव्हतं. रागावतील म्हणून. डॉक्टर रागावले नाहीत, पण त्यांनी विचारलं की मग मी नसांसाठी काय द्यावं हे मला कसं कळणार? केमोनंतरच्या या आगीवर ड्युलोक्सेटिन नावाची गोळी हा त्यातल्या त्यात आधार असलेला उपाय आहे. आधी काकांनी ती चार दिवस घेऊन मळमळतं म्हणून सोडली होती. या वेळी कमी मात्रेने सुरू केली, जेवणानंतर, बी.पी. मोजत. तेल एकदम बंद केलं की झोप उडते, चिडचिड होते, म्हणून आठवडाभरात थेंब कमी करत आणलं आणि निघायच्या पाच आठवडे आधी पूर्ण बंद. डॉक्टरांनी इंग्रजीत पत्र दिलं: आजार, औषधांची मूळ नावं, मात्रा, दिवस. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवायच्या आणि हातातल्या बॅगेत. झोपेची किंवा कडक वेदनाशामक गोळी असती तर सिंगापूरच्या आरोग्य खात्याकडे आधी अर्ज करून परवानगी काढावी लागली असती. तशी नव्हती, तो त्रास वाचला.

पहिले दहा दिवस वाईट गेले. काकू मला फोन करायच्या आणि मला अपराधी वाटायचं. एकदा काकाच बोलले, "सहल रद्द करू का?" मी म्हटलं करा, माझं कमिशन गेलं तरी चालेल. मग त्यांनीच रद्द केलं नाही. नातवाने बोटीवरच्या पोहण्याच्या तलावाचा व्हिडिओ पाठवला होता.

मधल्या काळात याच गल्लीतल्या दुसऱ्या एका घरचा प्रश्न आला, म्हणून दोन ओळी अमेरिकेच्या. मुलगा फ्लोरिडात, ग्रीन कार्डवर, मायामीहून बहामाला क्रूझ. त्याच्याकडे तिथलं वैद्यकीय गांजाचं कार्ड, 2016 च्या मतदानानंतर त्या राज्यात ते मिळतं. पण कस्टम राज्याचं नाही, संघराज्याचं, आणि संघराज्याच्या 1970 च्या कायद्याने तो नियंत्रित पदार्थ आहे. अमेरिकी नागरिकाला तिथे दंड होऊन विषय मिटू शकतो. ज्याच्याकडे नागरिकत्व नाही त्याने परत येताना अधिकाऱ्यासमोर नुसतं कबूल केलं, तरी खटला न चालताही प्रवेश नाकारला जाऊ शकतो. ग्रीन कार्डवाल्यांना हे माहीतच नसतं, ते कार्ड खिशातून काढून अभिमानाने दाखवतात. कॅनडातही तेच. 17 ऑक्टोबर 2018 पासून देशात खुलं, पण सीमा ओलांडताना चिठ्ठीसकट बंदी. व्हँकुव्हरहून अलास्काला जाणाऱ्या बोटीत दोन्ही टोकांना गांजा कायदेशीर असतो आणि मधल्या सीमेवर गुन्हा.

काय झालं शेवटी

बाटली काकांच्या धाकट्या भावाकडे ठेवली नाही, कुणाला भेट दिली नाही. काकांनी ती घरातच कपाटात चिठ्ठी-बिलासकट ठेवली. भाऊ म्हणत होता, टाकून दे, नसती बला. त्याच्या भीतीलाही कारण होतं. जत भागात पिकांच्या आड लावलेला गांजा सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो, 2024 च्या फेब्रुवारीत कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतून एमडी या अंमली पदार्थाचा केवढा साठा निघाला. गावात अशा शब्दांचा वास जरी आला तरी लोक दोन पावलं मागे सरतात.

चांगीला कुणी काही विचारलं नाही. बॅग उघडली नाही, तपासणी झाली नाही. उतरल्यावर काकांचा पहिला मेसेज: 'नेली असती तरी चाललं असतं.' मी उत्तर दिलं नाही. पेनांगला ते उतरले नाहीत, पाय दुखत होते. बोटीतल्या एसीच्या गारव्याने दुसऱ्या रात्री आग वाढली आणि काका पहाटे चारपर्यंत लोकरी मोजे घालून वरच्या उघड्या डेकवर बसून होते, कारण बाहेरची हवा उबदार होती. काकू सोबत बसल्या. त्या म्हणतात ती रात्र सगळ्यात चांगली गेली. समुद्र काळा, लांब मासेमारीचे दिवे, आणि एक खलाशी दोनदा चहा देऊन गेला. हे औषधाने झालं नसतं, असं त्या म्हणतात. मी त्यावर मत देत नाही. दुखत तर होतंच.

फुकेतला जावई दुकानासमोर थांबला, पाटी वाचली आणि पुढे गेला. हे काकांनी मला मुद्दाम सांगितलं.

परत आल्यावर तेल पुन्हा सुरू करायचं का, हा निर्णय काकांनी डॉक्टरांसमोर बसून घेतला. काय घेतला ते त्यांनी लिहू नका म्हटलं.

माझ्या फॉर्मवरचा 'नियमित औषधे' हा रकाना मी काढला. आता तिथे असं आहे: 'पोटात, जिभेखाली, नाकात, दाताला, अंगाला जे काही घेता किंवा लावता, ते डबी-बाटलीसकट ऑफिसात आणून दाखवा. घरगुती, आयुर्वेदिक, महाराजांनी दिलेलं, सगळं.' गेल्या महिन्यात सिंगापूरच्याच ग्रुपमधल्या एक आजी तासगावहून पिशवी घेऊन आल्या आणि टेबलावर एकेक मांडत गेल्या. गुडघ्याचं तेल, ओव्याचा अर्क, बी.पी.ची गोळी, आणि सगळ्यात शेवटी पत्र्याची छोटी डबी.

"हे काय आजी?"

"मशेरी. दातांना. हे औषध न्हवं, पर तुम्ही म्हणलासा सगळं आणा."

सिंगापुरात बिनधुराच्या तंबाखूलाही बंदी आहे. आजींना ते सांगायला मला पाऊण तास लागला.